कार्यप्रक्रियेची प्रतिकृती व सिम्युलेशन : औषधनिर्माणशाळा आणि चिकित्सालय यांच्या संदर्भात

आसव-अरिष्टे तयार करणाऱ्या मध्यम आकाराच्या औषधनिर्माणशाळांना हेमंत-शिशिर ऋतूंत एक ठरावीक अडचण जाणवते. मागण्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत. बाटल्या भरण्याच्या विभागात एखाद्या आठवड्यात इतकी गर्दी होते, की कामगारांना रात्रीपर्यंत थांबवावे लागते; त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र तेच कामगार हातावर हात ठेवून बसतात. मालक गर्दीचा आठवडा पाहतो आणि बाटल्या भरण्याचे नवे यंत्र कर्ज काढून घ्यावे, असा निष्कर्ष काढतो. यंत्र येते, हप्ते सुरू होतात आणि पुढील हिवाळ्यात तीच अडचण पुन्हा उभी राहते.

असा निर्णय पैसे गुंतवण्यापूर्वी कागदावर तपासून पाहता येतो. त्यासाठी व्यवस्थापनशास्त्रात जी पद्धत वापरली जाते, तिची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे कामाच्या सर्व टप्प्यांची प्रतिकृती तयार करणे. व्यवहारात तिला 'मॉडेल' म्हणतात. दुसरे अंग म्हणजे त्या प्रतिकृतीवर काळ चालवून पाहणे; यालाच 'सिम्युलेशन' असे नाव आहे. मोठ्या उद्योगांत ही कामे संगणकावर होतात. परंतु त्यांमागील विचार साधा असून कागद, पेन्सिल, घड्याळ आणि चिठ्ठ्यांची एक बरणी एवढ्या सामग्रीवर आपल्यापैकी कोणालाही तो वापरता येईल. प्रस्तुत लेखात एक औषधनिर्माणशाळा व एक चिकित्सालय अशी दोन उदाहरणे घेऊन ही पद्धत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणांतील आकडे विवेचनासाठी योजलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

पद्धतीची पूर्वपीठिका

कामाचे टप्पे चिन्हांनी कागदावर मांडण्याची पद्धत अमेरिकेतील फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. कृती, वाहतूक, तपासणी, साठवण अशा प्रत्येक गोष्टीस एक चिन्ह, असे तिचे स्वरूप होते. आज संगणकावर वापरली जाणारी 'बीपीएमएन' ही चिन्हलिपी तिच्याच वंशातील म्हणता येईल. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

रांगांचा गणिती अभ्यास डेन्मार्कमध्ये सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या मागण्यांवरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. मागण्या अनियमितपणे येतात, प्रत्येक संभाषणास कमीअधिक वेळ लागतो. अशा स्थितीत किती तारा ठेवाव्यात, हा तेव्हाचा प्रश्न होता. वैद्याच्या दारातील रांगेचा प्रश्न याहून मुळात निराळा नाही.

तिसरा धागा योगायोगाने जोडला गेला. गणितज्ञ स्टॅनिस्लाव्ह उलाम हे १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडीत असत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे कठीण आहे, त्यापेक्षा शंभर डाव प्रत्यक्ष मांडून किती सुटतात ते मोजणे सोपे, असे त्यांच्या लक्षात आले. जॉन फॉन नॉयमन यांच्या साहाय्याने या कल्पनेस शास्त्रीय रूप मिळाले व ती 'माँटे कार्लो पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. सिम्युलेशनचा गाभा हाच आहे : जे सूत्राने नेमके सांगता येत नाही, ते अनेक वेळा चालवून पाहावे व मोजावे.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास ही विचारपद्धती परकी वाटू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीला 'युक्ति' ही चौथी परीक्षा सांगितली आहे. अनेक कारणांच्या संयोगातून होणारे कार्य जाणणारी बुद्धी म्हणजे युक्ती. पाणी, नांगरणी, बीज आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते, हे तेथील उदाहरण सर्वपरिचित आहे. यांपैकी एकट्या कारणाकडे पाहून पिकाचा अंदाज बांधता येत नाही. औषधनिर्माणशाळेचेही तसेच आहे. एकट्या यंत्राकडे पाहून उत्पादनाचा अंदाज बांधणारा मालक चुकतो, कारण उत्पादन हे अनेक टप्प्यांच्या संयोगाचे फल असते.

प्रतिकृती कशी मांडावी

आता उदाहरणातील औषधनिर्माणशाळेकडे वळू. ती एकाच प्रकारचे अरिष्ट करते आणि तिच्या मालास आठवड्याला २ बॅच इतकी मागणी आहे, असे समजू. टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१. कच्च्या द्रव्यांची आवक, ओळख व तपासणी.
२. द्रव्यांची भरड करणे.
३. क्वाथ सिद्ध करणे. उपलब्ध भट्टी व कढया यांवर आठवड्याला ५ बॅचचा क्वाथ होऊ शकतो.
४. गूळ, धायटीची फुले व प्रक्षेपद्रव्ये घालून संधान करणे. संधानपात्रे १२ असून एका पात्रात एक बॅच बसते. इतर ऋतूंत सरासरी ३० दिवस, तर थंडीत सरासरी ४५ दिवस लागतात.
५. गाळणे व निवळू देणे.
६. तयार मालाची तपासणी.
७. बाटल्या भरणे, लेबल लावणे. आठवड्याला ६ बॅच भरता येतात.
८. रिकामे पात्र धुणे, वाळवणे व धूपन. यास २ दिवस.

आठवा टप्पा बहुतेक मालक मांडावयास विसरतात, कारण तो औषधाच्या वाटेवर नसून पात्राच्या वाटेवर आहे. परंतु पात्र अडकलेले असले तर पुढची बॅच सुरू होत नाही. म्हणून प्रतिकृतीत त्यास स्थान हवेच. प्रतिकृती मांडताना 'माल कोठून कोठे जातो' या प्रश्नाच्या जोडीला 'कोणते साधन किती काळ अडकून राहते' हा प्रश्न प्रत्येक टप्प्यास विचारावा.

दुसरी दक्षता अशी, की टप्पा केव्हा संपतो याची व्याख्या खरी असावी. संधान ३० दिवसांनी संपते असे आपण बोलतो, परंतु शास्त्रतः ते दिनदर्शिकेवर संपत नाही. पात्रातील सळसळ थांबणे, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसणे, पात्राच्या तोंडाशी धरलेली जळती काडी न विझणे, ही सिद्धीची लक्षणे दिसली म्हणजे ते संपते. म्हणून प्रतिकृतीत या टप्प्यास एकच ठाम आकडा न देता लहानमोठ्या आकड्यांचा समूह द्यावा लागतो. हा समूह शोधण्यास दूर जावे लागत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत २००० साली समाविष्ट झालेल्या परिशिष्ट 'टी' नुसार प्रत्येक बॅचची निर्मितीनोंद ठेवणे आपणांस आवश्यकच आहे. त्या नोंदींत संधान घातल्याची व पात्र उघडल्याची तारीख असते. निरीक्षकांना दाखवण्यापुरत्या कपाटात ठेवलेल्या या वह्या म्हणजे प्रतिकृतीसाठी लागणारी तयार सामग्री होय.

एका साध्या नियमाचा उपयोग

सिम्युलेशनकडे वळण्यापूर्वी एक नियम पाहू. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, म्हणून त्यास 'लिटलचा नियम' म्हणतात. एखाद्या व्यवस्थेत सरासरीने अडकून असलेल्या नगांची संख्या ही नग आत येण्याचा वेग व प्रत्येक नग आत राहण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. दीर्घकाळ स्थिर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेस हा नियम लागू आहे.

आपल्या उदाहरणात आठवड्याला २ बॅच सुरू होतात. इतर ऋतूंत एक पात्र संधानाचे ३० व स्वच्छतेचे २ मिळून ३२ दिवस, म्हणजे सुमारे ४.५७ आठवडे अडकते. गुणाकार ९.१. म्हणजे १२ पात्रांपैकी सरासरी ९ पात्रे कामात असतात व सुमारे ३ मोकळी राहतात. थंडीत तेच पात्र ४७ दिवस, म्हणजे सुमारे ६.७१ आठवडे अडकते. गुणाकार १३.४ येतो; पात्रे मात्र १२ आहेत. याचा अर्थ असा, की थंडीत ही औषधनिर्माणशाळा आठवड्याला २ बॅच काढूच शकत नाही. १२ भागिले ६.७१ म्हणजे सुमारे १.७९ बॅच, ही तिची कमाल मर्यादा. थंडीच्या १२ आठवड्यांत मागणी २४ बॅचची, तर निर्मिती सुमारे २१.४ बॅचची, तूट सुमारे अडीच बॅचची.

बाटल्या भरण्याच्या विभागाची क्षमता आठवड्याला ६ बॅचची असून त्याच्यावर भार २ बॅचचाच आहे. तो निम्माही वापरला जात नाही. अशा वेळी नवे यंत्र घेऊन आठवड्याला १० बॅच भरण्याची क्षमता आणली, तरी बाजारात एकही बाटली जास्त जाणार नाही. संपूर्ण साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत चिंचोळ्या टप्प्यावर ठरतो, आणि येथे तो टप्पा संधानपात्रांचा आहे.

मग भरणविभागात गर्दी का होते?

मालकाने गर्दी डोळ्यांनी पाहिलेली असते. ती खोटी नसते. तिचे कारण सरासरीच्या गणितात दिसत नाही. ते पाहण्यासाठी सिम्युलेशन करावे लागते.

कृती अशी. गेल्या दोन-तीन हिवाळ्यांतील प्रत्येक बॅचला संधानास लागलेले दिवस एकेका चिठ्ठीवर लिहावेत व त्या सर्व चिठ्ठ्या बरणीत टाकाव्यात. मोठ्या कागदावर १२ पात्रांसाठी १२ आडव्या रेघा व दिवसांसाठी उभे रकाने आखावेत. सोमवार व गुरुवार हे बॅच सुरू करण्याचे वार धरावेत. प्रत्येक नव्या बॅचसाठी बरणीतून न पाहता एक चिठ्ठी काढावी, तितके दिवस त्या पात्राची रेघ रंगवावी, पुढे स्वच्छतेचे २ दिवस वेगळ्या रंगाने दाखवावेत आणि चिठ्ठी बरणीत परत टाकावी. पात्र मोकळे नसेल तर बॅच थांबवून ठेवावी. असे थंडीचे १२ आठवडे पुरे करावेत. एका बैठकीत तीन-चार हिवाळे 'चालवून' होतात.

आता समजा, १ल्या, ४थ्या, ८व्या व ११व्या दिवशी सुरू झालेल्या चार बॅचसाठी अनुक्रमे ५०, ४८, ४४ व ४० दिवसांच्या चिठ्ठ्या निघाल्या. या बॅच अनुक्रमे ५१, ५२, ५२ व ५१ या दिवशी सिद्ध होतील. दहा दिवसांच्या अंतरात नियमितपणे घातलेली चार पात्रे दोन दिवसांत एकदम उघडली! त्या आठवड्यात भरणविभागात गर्दी होणार आणि त्याच्या आगेमागे तो विभाग रिकामा राहणार. गर्दीचे मूळ भरणविभागाच्या अपुऱ्या क्षमतेत नसून संधानकालाच्या चढउतारात आहे. गाळलेला माल निवळण्याच्या टाक्यांत दोन-चार दिवस अधिक ठेवण्याची सोय केली, तर ही गर्दी आपोआप विभागली जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही.

पर्यायांची तुलना

प्रतिकृतीचा खरा उपयोग पर्याय तपासण्यासाठी होतो. आपल्या उदाहरणात चार पर्याय संभवतात.

पहिला पर्याय भरणाचे नवे यंत्र घेण्याचा. त्याचा निरुपयोग वर दिसलाच.

दुसरा पर्याय आणखी २ पात्रे घेण्याचा. पात्रे १४ झाली, गरज १३.४ची, वरवर पाहता प्रश्न सुटला. परंतु येथे सरासरी फसवते. पात्रे ९६ टक्के काळ अडकलेली असतील, तर चढउतार सामावून घेण्यास जागाच उरत नाही. तीन-चार दीर्घ चिठ्ठ्या लागोपाठ निघाल्या, की काम पुन्हा अडते. चिठ्ठ्यांचा खेळ काही वेळा खेळल्यावर हे स्पष्ट दिसते. खरा दिलासा १५ किंवा १६ पात्रांवर मिळेल. परंतु वर्षातील उरलेल्या महिन्यांत ती जास्तीची पात्रे रिकामी राहतील.

तिसरा पर्याय थंडीपूर्वी साठा करण्याचा. इतर ऋतूंत १२ पात्रांची कमाल क्षमता १२ भागिले ४.५७, म्हणजे आठवड्याला सुमारे २.६ बॅच आहे व मागणी २ बॅचची आहे. दर आठवड्यास सुमारे ०.६ बॅचची क्षमता वाया जाते. थंडीपूर्वीचे ५ आठवडे ती पूर्ण वापरली, तर सुमारे ३ बॅच शिल्लक पडतात व थंडीतील अडीच बॅचची तूट भरून निघते. यासाठी लागणारा खर्च म्हणजे आगाऊ घेतलेला गूळ व द्रव्ये, बाटल्या आणि साठवणीची जागा एवढाच. पात्रे या काळात पूर्ण भरलेली असल्याने हे काम ५ ऐवजी ७-८ आठवड्यांवर पसरवणे अधिक सुरक्षित, हेही चिठ्ठ्या काढल्यावर कळेल.

येथे गणितास शास्त्राची जोड द्यावी लागते. आसव-अरिष्टे जुनी झाल्यावर अधिक गुणयुक्त होतात असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. म्हणून अरिष्टाचा आगाऊ साठा करणे शास्त्रसंमत ठरते. त्याच ग्रंथानुसार चूर्णे दोन महिन्यांनी हीनवीर्य होतात, तर गुटिका व लेह यांचे वीर्य वर्षानंतर घटते. म्हणजे हाच पर्याय चूर्णविभागास जसाच्या तसा लावला, तर आकडे जुळतील पण औषध बिघडेल. प्रतिकृती द्रव्याचे गुणधर्म जाणत नाही. ते जाणणे हे वैद्याचे काम आहे.

चौथा पर्याय कोणी कागदावर लिहीत नाही, परंतु तो आपोआप घडतो. १२ पात्रांत आठवड्याला २ बॅच बसवावयाच्या असतील, तर प्रत्येक पात्र ६ आठवड्यांत, म्हणजे ४२ दिवसांत पुन्हा उपलब्ध व्हावे लागते. स्वच्छतेचे २ दिवस वजा जाता संधानास उरतात ४० दिवस. लागतात सरासरी ४५. मागणीचा तगादा असताना ही ५ दिवसांची तफावत कोठून भरून निघते? पात्र पाच दिवस आधी उघडून, किंवा धूपन व वाळवणे यांना फाटा देऊन. अपूर्ण संधान मग बाटलीत चालू राहते. वायू साठतो, बूच उडते, क्वचित बाटली फुटते. आणि जेथे काही फुटत नाही तेथे असिद्ध औषध रुग्णाच्या पोटात जाते. अशा वेळी दोष पर्यवेक्षकाच्या माथी मारला जातो. तो दोषी नाही असे म्हणणे नाही. परंतु हिवाळ्याचे नियोजन करतानाच त्याला न पाळता येणारे वेळापत्रक हाती दिलेले होते, हे साधा गुणाकार दाखवून देतो. औषधाच्या गुणवत्तेवरचा दबाव बहुधा असा हिशेबातील न दिसणाऱ्या तुटीतून निर्माण होतो. ती तूट आधी दिसली, तर तडजोडीची वेळच येत नाही.

चिकित्सालयातील रांग

ज्यांची औषधनिर्माणशाळा नाही, अशा वैद्यांनाही ही पद्धत उपयोगी आहे. १९५२ मध्ये नॉर्मन बेली या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातील रांगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तपासणीच्या वेळांचे नमुने घेऊन त्याने अनेक सत्रे हाताने आकडेमोड करून 'चालवली'. त्यातून निघालेली शिफारस अशी : सत्राच्या आरंभी दोन रुग्णांना बोलवावे व पुढे तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने एकेकास बोलवावे.

आपण एक लहान सत्र चालवून पाहू. सायंकाळी ५ वाजता सत्र सुरू होते, रुग्ण ८ आहेत. आपल्याच चिकित्सालयात घड्याळ लावून नोंदलेल्या वेळांच्या चिठ्ठ्यांतून क्रमाने ८, १४, ६, १८, ९, ७, १५ व ८ मिनिटे निघाली असे समजू. एकूण ८५ मिनिटे. आता तीन व्यवस्था पडताळू. रुग्ण दिलेल्या वेळी येतात, असे तूर्त धरू.

पहिली व्यवस्था : सर्वांना '५ वाजता या' असे सांगितले. रुग्णांच्या प्रतीक्षेची मिनिटे अनुक्रमे ०, ८, २२, २८, ४६, ५५, ६२ व ७७. बेरीज २९८; दर रुग्णामागे सरासरी ३७ मिनिटे. वैद्य एक मिनिटही रिकामा बसत नाही.

दुसरी व्यवस्था : दर १० मिनिटांनी एकेकास वेळ दिली. प्रतीक्षा ०, ०, ४, ०, ८, ७, ४ व ९ मिनिटे. बेरीज ३२, सरासरी ४ मिनिटे. वैद्य संपूर्ण सत्रात २ मिनिटे रिकामा राहतो व सत्र ८७ मिनिटांत संपते.

तिसरी व्यवस्था : बेलीच्या शिफारशीप्रमाणे आरंभी दोघे व पुढे दर १० मिनिटांनी एक. प्रतीक्षा ०, ८, १२, ८, १६, १५, १२ व १७ मिनिटे. बेरीज ८८, सरासरी ११ मिनिटे. वैद्याचा रिकामा वेळ शून्य.

पहिल्या व्यवस्थेत वैद्याची २ मिनिटे वाचवण्यासाठी रुग्णांची एकूण २६६ मिनिटे खर्ची पडली. संधिवाताने गुडघे धरलेल्या वृद्धेस बाकावर पाऊण तास बसवून ठेवण्याचा मोबदला दोन मिनिटे! तिसऱ्या व्यवस्थेत पहिला रुग्ण उशिरा आला किंवा आलाच नाही, तरी वैद्याचा वेळ वाया जात नाही. म्हणून जेथे रुग्ण वेळ पाळतीलच असे नाही, तेथे ती अधिक व्यवहार्य ठरते. अर्थात एका सत्रावरून निष्कर्ष काढू नये. नव्या चिठ्ठ्या काढून निदान वीस-पंचवीस सत्रे चालवावीत व मगच सरासरी पाहावी. नव्या रुग्णास प्रश्नपरीक्षा, नाडीपरीक्षा यांमुळे अधिक वेळ लागतो व तो वेळ फार कमीअधिकही होतो. त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांची वेगळी बरणी ठेवून, त्यांना सत्राच्या आरंभी घेतल्यास व अखेरीस घेतल्यास काय फरक पडतो, हेही पडताळता येते. आरंभीच मोठा विलंब झाला, तर तो मागील सर्वांच्या वाट्यास येतो, असे यात आढळेल.

रांगेसंबंधी आणखी एक तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रुग्णांचे येणे व तपासणीस लागणारा वेळ ही दोन्ही पूर्णतः अनियमित मानली, तर दीर्घकालीन सरासरीत प्रतीक्षा पुढीलप्रमाणे वाढते : वैद्य ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर तपासणीच्या सरासरी वेळेच्या ४ पट, ९० टक्के असेल तर ९ पट आणि ९५ टक्के असेल तर १९ पट. काम थोडेच वाढते, प्रतीक्षा मात्र झपाट्याने वाढते. संधानपात्रांच्या बाबतीत ९६ टक्के वापर धोक्याचा का, याचेही स्पष्टीकरण याच तत्त्वात आहे. थोडी मोकळीक ठेवणे हा आळस नसून व्यवस्थेचे बल आहे.

काही दक्षता

ही पद्धत वापरताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

प्रथम, प्रश्न एकच व नेमका घ्यावा. 'फार्मसी सुधारावयाची आहे' हा प्रश्न नव्हे. 'पुढील हिवाळ्यात किती पात्रे लागतील?' हा प्रश्न होय.

दुसरे, काम जसे व्हावयास हवे तसे न मांडता प्रत्यक्ष जसे होते तसे मांडावे. यासाठी मालकाने कार्यालयात बसून आराखडा न काढता भट्टीवरील कामगार, गाळणारा, बाटल्या भरणाऱ्या स्त्रिया यांना विचारून तो काढावा. तपासणीचा अहवाल येईपर्यंत माल कोठे पडून राहतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

तिसरे, प्रतिकृतीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. गेल्या वर्षाचे आकडे घालून ती चालवावी. गेल्या हिवाळ्यात प्रत्यक्षात जितक्या बॅच निघाल्या त्याच्या जवळपास आकडा येत नसेल, तर एखादा टप्पा सुटला आहे असे समजावे व तो शोधावा.

चौथे, एका वेळी एकच बदल करून पाहावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही. मिश्र योगातील एकेका द्रव्याचे कार्य ठरवताना येते तीच ही अडचण.

पाचवे, संगणक असल्यास तक्ते करण्याची साधी आज्ञावली पुरेशी आहे. तीत यादृच्छिक आकडा देणारी सोय असते. ती चिठ्ठ्यांच्या बरणीचे काम करते व शंभर हिवाळे काही क्षणांत चालवून देते. महागडी आज्ञावली विकत घेण्याची घाई नको. मात्र पहिली काही आवर्तने हाताने करावीत. हाताने रेघा रंगवताना आपल्या कामकाजाचे जे ज्ञान होते, ते तयार उत्तरातून होत नाही.

शेवटी, या पद्धतीची मर्यादा स्पष्ट असावी. ती पात्रे, माणसे, वेळ व रांगा यांच्याविषयी बोलते. औषध सिद्ध झाले की नाही, रुग्णास उपशय मिळाला की नाही, हे ती सांगू शकत नाही. परंतु औषध सिद्ध होण्यास लागणारा पूर्ण काळ त्यास मिळेल आणि रुग्णास लागणारा पूर्ण वेळ वैद्य देऊ शकेल, अशी व्यवस्था आखण्यास ती निश्चित साहाय्य करते.

पावसाळा सरत आला, की आपल्याकडे थंडीच्या मालाची तयारी सुरू होते. त्यापूर्वी मागील तीन वर्षांच्या बॅचनोंदी काढून केवळ तीन आकडे लिहून पाहावेत : थंडीत आठवड्याला किती बॅच हव्या, एक पात्र स्वच्छतेसह किती दिवस अडकते आणि एकूण पात्रे किती आहेत. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याहून मोठा येत असेल, तर तूट आजच दिसली असे समजावे. ती भरून काढण्यास तेव्हाही काही आठवडे हाती असतात.